कोलोसियमची उत्तरेकडची भिंत

पहिला दिवस

रोमला उतरले तेव्हा कागद माझ्या हातात होते आणि रंग दुसऱ्याच देशात. मधल्या विमानतळावर विमान बदलताना मोठी बॅग मागे राहिली. तिच्यात रंगांच्या ट्यूबा, पॅलेट, ब्रशांची गुंडाळी आणि दिवाळीचा चिवडा. न्यायला आलेली भाची म्हणाली, "मावशी, खरं सांग, जास्त वाईट कशाचं वाटतंय? रंगांचं की चिवड्याचं?" मी उत्तर दिलं नाही.

ती इथे दोन वर्षं जुन्या इमारतींच्या जतनाचं शिक्षण घेते आहे. मी शाळेतून निवृत्त झालेली चित्रकलेची बाई. इंटरमिजिएटच्या पोरांना किती वर्षं पडके वाडे आणि बुरूज काढायला लावले याचा हिशेब नाही. आणि प्रत्येक वेळी एकच पाठ: आधी यलो ऑकरचा, म्हणजे मातकट पिवळ्याचा, हलका वॉश (पातळ थर), वाळला की वर सावल्या. जलरंगातले रोमचे अवशेष मी छापील पुस्तकांतून इतके पाहिले होते की ते शहर मला पाठ आहे असंच वाटायचं. आता सात दिवस होते, अर्ध्या शीटच्या आकाराचे सात कागद होते आणि रंग नव्हते.

भाचीची खोली पियाझ्झा व्हिट्टोरिओजवळ. संध्याकाळी ती म्हणाली, "चल, पाय मोकळे करू. गर्दी नसलेला एक अवशेष दाखवते." रेल्वेच्या भिंतीला लागून दहा मिनिटं चाललो. एका बाजूला तेर्मिनी स्टेशनात शिरणारे रूळ, दुसऱ्या बाजूला ट्रामसारख्या छोट्या गाडीचा मार्ग, आणि मधे हा राक्षस उभा: मिनर्व्हा मेडिका. नाव देवळाचं, पण देऊळ नव्हे. चौथ्या शतकातल्या एखाद्या बागेतला विटांचा दहा बाजूंचा महाल असावा. अठराव्या शतकातले चित्रकार तो काढायचे तेव्हा भोवती द्राक्षमळे होते आणि डोक्यावर घुमटाचा बराचसा भाग शिल्लक होता. 1828 मध्ये तोही कोसळला. आज वर आभाळ आहे, ओव्हरहेड वायर आहेत आणि कबुतरं आहेत.

रंग नाहीत तर नाहीत, पेन्सिल होती. फूटपाथवर उभं राहून तीन स्केचेस केली. इंग्रज चित्रकार टर्नर 1819 मध्ये रोमला आला तेव्हा त्यानेही बाहेर बहुतेक पेन्सिलच चालवली. एक रंगीत चित्र करायच्या वेळात पेन्सिलची पंधरा-सोळा होतात, असा त्याचा हिशेब होता म्हणे. माझा हिशेब वेगळा, एअरलाइनने करून दिलेला.

दुसरा दिवस

सकाळी कॅपिटोल टेकडीवर, महापालिकेच्या इमारतीमागच्या कठड्यापाशी. तिथून अख्खं फोरम, म्हणजे जुन्या रोमचा मुख्य चौक, ताटात वाढल्यासारखं समोर दिसतं. पण तोंड आग्नेयेला, त्यामुळे सकाळचा सूर्य थेट डोळ्यात. खांब, कमानी, चर्च, सगळ्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या. पोरांना आयुष्यभर सांगत आले, "जागा निवडण्याआधी सूर्य बघा," आणि स्वतः कॉफी घेऊन धावत सुटले.

दुपारी बॅग आली. कुरियरवाल्याला चिवडा द्यावासा वाटला, भाचीने अडवलं. तीन वाजता पुन्हा तोच कठडा. आता सूर्य उजवीकडे सरकला होता आणि समोरचं सगळं उजळलं होतं.

इथे मला पहिला धक्का बसला. मला पाठ असलेलं फोरम हे नव्हतंच. जुन्या जलरंगांत इथे गायी चरतात. जागेचं नावच होतं कांपो व्हाक्चिनो, म्हणजे गुरांचं रान. शेकडो वर्षांची माती साचून जमीन इतकी वर आली होती की सेप्टिमिअस सेव्हरसची कमान कमरेपर्यंत गाडलेली, आणि व्हेस्पाशियनच्या देवळाचे तीन खांब तर जेमतेम मान वर काढून होते. एकोणिसाव्या शतकात उत्खननं झाली, माती गेली, गायी गेल्या, आणि खांब खालपासून वरपर्यंत उघडे पडले. इतिहासाच्या दृष्टीने उत्तमच. चित्राच्या दृष्टीने मात्र अडचण. गाडलेला खांब जमिनीतून उगवल्यासारखा दिसतो, त्याला वजन असतं. उकरलेला खांब चौथऱ्यावर ठेवल्यासारखा दिसतो. आणि खाली सगळीकडे चौथरे, पायऱ्या, दगडांचे तुकडे, दोऱ्या, पाट्या, माणसं. नजर टेकवायला जागा नाही.

मी काय केलं? जे येत होतं तेच. कागदभर यलो ऑकर. वाळल्यावर राखाडी सावल्या. तासाभरात चित्र झालं. भाची मागे येऊन उभी राहिली आणि बराच वेळ काही बोलली नाही.

"बोल की."

"छान आहे गं. पण सगळं एकाच पिठाचं वाटतंय."

बरोबर होतं तिचं. पुरणपोळीच्या कडेसारखं एकसारखं पिवळं. दगडाला वय नव्हतं की उन्हाला वेळ.

रात्री मी तिला फ्रान्सिस टाऊनची गोष्ट सांगितली. हा इंग्रज चित्रकार 1780 च्या ऑक्टोबरात रोमला आला. कलमाने रेषा काढायचा आणि आत सपाट, पातळ रंग भरायचा. आणि चित्राच्या मागे लिहून ठेवायचा: तारीख, वेळ, ऊन डावीकडून की उजवीकडून. वारला तेव्हा, 1816 मध्ये, आपली रोमची जलरंगचित्रं त्याने ब्रिटिश म्युझियमला दिली, आणि लोक त्याला शंभरेक वर्षं विसरून गेले. भाचीने विचारलं, "मग तू तुझ्या मागे काय लिहिणार?" मी पेन्सिलीने लिहिलं: कॅपिटोल, दुपारी सव्वातीन, ऊन उजवीकडून, डोकं जागेवर नाही.

तिसरा दिवस

कोलोसियम. आत गेलो, फिरलो, लोकांचे धक्के खाल्ले, बाहेर आलो. आतलं मी लिहीत नाही, ते सगळीकडे लिहिलेलं आहे. मी दिवस घालवला रस्त्याच्या वरच्या अंगाच्या कठड्यावर, उत्तरेला.

कोलोसियमची सगळ्यात उंच, चार मजली बाहेरची भिंत फक्त उत्तरेच्या बाजूला पूर्ण उरली आहे. दक्षिणेची भूकंपांत पडली आणि तिचा दगड शहरातल्या इमारतींसाठी नेला गेला. आता चित्रकारासाठी याचा अर्थ बघा. ऑक्टोबरात सूर्य दक्षिणेकडून खालून जातो. म्हणजे जी भिंत काढायची, जी प्रत्येक पोस्टकार्डावर असते, ती दिवसभर सावलीत! सुमारे पन्नास मीटर उंचीची सावली. पोस्टकार्डवाले तिला पिवळी करतात, ती पिवळी नाहीच.

मी पिवळा ट्यूब पिशवीत टाकला आणि अर्धा तास नुसती बघत बसले.

भिंतीचा दगड ट्रॅव्हर्टाइन, तिवोलीकडून आणलेला. मुळात पांढुरका, सगळीकडे बारीक छिद्रं. काही वर्षांपूर्वीपर्यंत धुराने काळा पडला होता. मग 2016 पर्यंत त्यांनी तो नुसत्या पाण्याच्या बारीक फवाऱ्याने हळूहळू धुऊन काढला. भाची हे सांगत होती तेव्हा मला हसू आलं. आम्ही जलरंगवाले दुसरं काय करतो?

आणि मोठी भोकं, ती वेगळी. दगडांना एकमेकांशी जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या मध्ययुगात लोकांनी उकरून नेल्या, त्यांच्या जागा. लांबून भिंतीला देवी आल्यासारखी दिसते.

तर सावली. तिचा रंग आभाळाचा होता. सूर्य तिथे पोचत नाही, पण वरचं निळं आभाळ पोचतं. म्हणून भिंत थंड, निळसर करडी. आणि त्या थंड भिंतीत कमानी. वरच्या मजल्यांच्या कमानींतून आरपार आभाळ दिसत होतं, भिंतीपेक्षा कितीतरी उजळ. खालच्या कमानी काळोख्या. आणि मधे एक गोष्ट अशी होती जी मी एकाही छापील चित्रात पाहिली नव्हती, किंवा पाहूनही दिसली नव्हती. भिंत खूप जाड आहे. पलीकडचं ऊन कमानीतून तिरपं आत येतं आणि त्या जाडीवर, कमानीच्या आतल्या गालावर, बोटभर पट्टी पेटवतं. नारिंगी. अख्ख्या निळ्या भिंतीत एकेका कमानीला एकेक नारिंगी कड. आणि ती कड प्रत्येक कमानीत वेगळ्या जाडीची, कारण भिंत वळते आहे. डावीकडे सुरीच्या पात्याएवढी, उजवीकडे जाता जाता हाताएवढी. मिनिटामिनिटाला सरकणारी.

मी निळा अल्ट्रामरीन आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना पॅलेटवर न मिसळता थेट ओल्या कागदावर शेजारीशेजारी सोडले. अल्ट्रामरीनचा कण जड, तो कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतो. सिएना पसरतो. वाळताना दोघं अर्धवट वेगळे होतात आणि कागदावर आपोआप खरबरीत, छिद्राछिद्रांचा दगड उभा राहतो. मी ट्रॅव्हर्टाइन काढला नाही, तो वाळता वाळता झाला. फक्त हात लावायचा नाही. माझ्यासारखीला हे सगळ्यात अवघड.

मी हात लावलाच. एक कमान दुरुस्त करायला गेले आणि तिथे फुलकोबीसारखा डाग फुटला. दुसरा कागद घेतला. त्यात वरच्या कमानींतलं आभाळ कोरं सोडायचं विसरले आणि भिंत आंधळी झाली. संध्याकाळी दोन कागद बाद, पण चिडचिड नव्हती.

परत जाताना भाचीने पूर्वेच्या टोकाचा टेकू दाखवला. 1806 च्या भूकंपानंतर ती कड कोसळायला आली होती. पोप पायस सातवा याच्या काळात राफाएले स्टेर्न याने कमानी विटांनी भरून टाकल्या. घाई अशी की घसरत चाललेले दगड सरळ करायलाही कोणी थांबलं नाही. ते जसे घसरले होते तसेच विटांत पकडले गेले. कमानीचा एक दगड वीतभर खाली लोंबकळतोय, दोनशे वर्षांपासून. "पडता पडता स्टॅच्यू म्हटल्यासारखा," भाची म्हणाली. टाऊनने पाहिलं तेव्हा हा टेकू नव्हता. टर्नरने पाहिला, तेव्हा तो नवा कोरा होता.

आणि झाडं. जुन्या चित्रांत कोलोसियमवर झुडपं, वेली, अगदी रानच माजलेलं असतं. मला ती चित्रकारांची पदरची भर वाटायची. नव्हती. रिचर्ड डीकिन नावाच्या इंग्रज डॉक्टरने 1855 मध्ये फक्त कोलोसियमवर उगवणाऱ्या वनस्पतींचं पुस्तक काढलं, त्यात 420 जाती आहेत. 1870 नंतर सगळं उपटून साफ केलं. मुळं दगड फोडतात हे मान्य. तरी 420.

चौथा दिवस

पाऊस. सकाळी एस्क्विलिनोच्या मंडईत भेंडी आणि कोथिंबीर मिळाली, भाव ऐकून अर्धीच जुडी घेतली. विकणारा बांगलादेशी, तो भाचीशी हिंदीत आणि शेजाऱ्याशी झोकात इटालियनमध्ये बोलत होता.

दुपारी ट्रास्टेव्हेरेच्या संग्रहालयात. तिथे एत्तोरे रोस्लर फ्रान्स या रोमच्याच चित्रकाराची जलरंगचित्रं आहेत, एकूण 120. जलरंग उजेडाने उडतात म्हणून सगळी एकदम लावत नाहीत, आलटून पालटून. 1870 च्या डिसेंबरात तिबर नदीला पूर आला, पाणी सतरा मीटरच्या वर चढलं. त्यानंतर दोन्ही काठांना उंच भिंती बांधायचं ठरलं आणि त्यासाठी नदीत पाय सोडून बसलेली घरं पाडली. हा माणूस पाडापाडीच्या आधी पोचायचा आणि काढून ठेवायचा. बाहेरून येणारे पाहुणे अवशेष काढत होते, आणि हा उद्या पडणारी घरं, धुणी, पायऱ्या, होड्या, ओली भिंत. मला कोल्हापूरच्या आमच्या आबालाल रहिमानांची आठवण झाली. कोटितीर्थाच्या काठी राहून तेच पाणी पुन्हा पुन्हा रंगवणारे.

एक बाजूची गोष्ट. ज्या काळात हे इंग्रज रोमला येऊन पडके खांब रंगवत होते, त्याच काळात, 1790 च्या दशकात, पुण्यात इंग्रजांचा रेसिडेंट मॅलेट याने पेशव्यांच्या आश्रयाने चित्रशाळा काढली. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार तिथे शिकवायचा. आणि तिथल्या गंगाराम तांबटाने वेरूळची लेणी कागदावर उतरवली. म्हणजे जुन्या दगडासमोर कागद घेऊन बसायची हौस आपल्याकडे पोचायला काही फार उशीर लागला नव्हता. वेरूळला मी चार वेळा गेले आहे. चारही वेळा यलो ऑकर. असो.

पाचवा दिवस

सगळ्यात सुखाचा दिवस. मेट्रोने जुलिओ अग्रिकोला, तिथून चालत जलसेतूंच्या बागेत. तिकीट नाही, रांग नाही. कुत्री फिरवणारे लोक, धावणारे लोक, छत्रीसारख्या पाइनची झाडं, आणि गवतातून दूरवर जाणारी कमानींची ओळ. आक्वा क्लाउदिया, जुन्या रोमला पाणी आणणारा पाट. सम्राट कॅलिगुलाने इ.स. 38 साली सुरू केला, क्लॉडियसने 52 साली पुरा केला. जवळजवळ 69 किलोमीटरचा मार्ग, बहुतेक जमिनीखालून. शहराजवळ आल्यावर उतार टिकवण्यासाठी तो कमानींवर चढतो. वर एकावर एक दोन पाट: खाली क्लाउदिया, त्याच्या डोक्यावर आनिओ नोव्हुस. तुटलेल्या टोकाशी दोन्ही चौकोनी तोंडं उघडी दिसतात. डबा आडवा कापल्यासारखी.

ही तोंडं मी जवळून काढली. रंग ज्वालामुखीच्या राखेच्या दगडाचा, कुठे तपकिरी, कुठे लालसर. बर्न्ट सिएना इथे घरचा. सिएना गावाच्या मातीवरूनच त्याला नाव पडलं, आणि ती भाजली की तांबूस होते. शेवटी लोहाची माती. आपला गेरू तिचाच भाऊबंद. भाचीला म्हटलं, आत्ता घरी असते तर अंगण गेरूने सारवून रांगोळी काढत असते, आणि वाड्यातली पोरं मातीचा किल्ला करत असती. ती म्हणाली, "इथे किल्ला तयार मिळालाय. तू सारव."

वारा होता, ऊन कोरडं. वॉश अर्धा पसरेपर्यंत वाळत होता, कडा दिसत होत्या. म्हणून मी पद्धत उलटी केली. कमानी काढल्याच नाहीत. कमानींमधलं आभाळ आणि कमानींच्या गवतावर पडलेल्या सावल्या, एवढंच रंगवलं. दगड कोरा कागद. नंतर त्यावर कोरड्या ब्रशचे चारच फटकारे. जवळून जाणाऱ्या एका आजोबांनी थांबून बघितलं, काहीतरी लांबलचक बोलले, निघून गेले.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मी लहानपणी त्या तिसऱ्या कमानीखाली फुटबॉल खेळायचो, गोलपोस्ट होता तो."

मी तिसऱ्या कमानीखाली एक ठिपका दिला.

मागे लिहिलं: सकाळी अकरा, ऊन उजवीकडून, वारा डावीकडून, डोकं जागेवर.

सहावा दिवस

आप्पियन रस्ता. इ.स.पू. 312 चा. ज्वालामुखीचे काळे फरशीदगड, रथांच्या चाकांनी घासलेले. पुण्याच्या बाईला काळ्या दगडाचं काय कौतुक, पण माझ्या गुडघ्यांना होतं, त्यांनी प्रत्येक दगड मोजला. चेचिलिया मेतेल्ला या प्राचीन रोमन बाईच्या गोल थडग्यासमोर एक बारकं चित्र केलं. बरं झालं. बाकी दिवस पाय गरम पाण्यात.

सातवा दिवस

विमान रात्रीचं. शेवटचा एक कागद उरला होता. भाची म्हणाली, व्हॅटिकन पाहिलंच नाहीस. मी म्हटलं, पुढच्या वेळी. दहाच्या सुमारास मी पुन्हा उत्तरेच्या कठड्यावर.

टर्नर इथे कागदाला आधी राखाडी वॉश द्यायचा आणि मग उजेड हवा तिथे रंग खरवडून, पुसून पांढरा काढायचा. आधी सावली, मग ऊन. मी तेवढं धाडस केलं नाही, पण क्रम त्याचा घेतला. कोपऱ्यावरच्या नळाचं पाणी डब्यात घेतलं. रोमच्या या लोखंडी नळांना त्यांच्या वाकड्या तोटीवरून 'नासोनी' म्हणतात, म्हणजे मोठी नाकं. ते सतत वाहत असतात, आणि चित्रकाराला याहून जास्त काय हवं.

वरच्या कमानी कोऱ्या सोडून अख्खी भिंत एका दमात ओली केली, रंग सोडले आणि ब्रश पिशवीत घातला. हाताशी राहिला तर चालवला जातो. भाचीला म्हटलं, मला काहीतरी बोलत ठेव. ती तिच्या प्राध्यापकांबद्दल, घरमालकिणीबद्दल, इथल्या एका मुलाबद्दल बोलत राहिली. त्या मुलाबद्दल मी तिच्या आईला सांगायचं नाही असं ठरलं. वीस मिनिटांनी कागदावर बघितलं. भिंत बसली होती.

मग नारिंगी कडा. चौदा कमानी, चौदा कडा, बारीक ब्रशने. पहिली देईपर्यंत सूर्य सरकला होता, म्हणून डोळ्यासमोरच्या न देता आठवणीतल्या दिल्या. खालच्या मजल्यावरची गर्दी म्हणजे काही ठिपके. आभाळ केलंच नाही.

"आभाळ राहिलं," भाची म्हणाली.

"वेळ नाही."

खरंच नव्हता. तेर्मिनीला पळत गेलो. विमानतळाच्या गाडीत मी चित्र बोर्डासकट मांडीवर आडवं धरून बसले, कारण भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात अल्ट्रामरीनचं तळं अजून ओलं होतं आणि गाडी वळली की ते हळूच डावीकडे सरकत होतं.